चाफ्याला रोज दोन तांबे

नेरूळ,
१० मार्च १९९६

आईंना जय भीम.

पोहोचलो. पत्र टाकायला उशीर झाला. एस.टी. पनवेलच्या अलीकडे दीड तास बंद पडली होती, बाकी प्रवासात काही नाही.

स्मिता गेल्यानंतरच्या जलदानाच्या विधीला तुम्ही दारच्या चाफ्याची फांदी तोडून दिलीत. ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली तशीच दारामागे उभी राहिली. बारा दिवस झाले. आज केर काढताना हाताला लागली. तोडल्या जागचा चीक सुकून चामड्यासारखा झाला आहे. हातभर लांब, अंगठ्याएवढी जाड, एक पान नाही. जिवंत आहे की मेली ते मला कळत नाही. स्मिता जन्मली तेव्हा लावलेलं झाड, म्हणून तुम्ही दिलीत हे लक्षात आहे. टाकून देणं बरं दिसणार नाही. कशी लावायची ते कळवा. कुंडी नाही. डालडाचा मोठा डबा आहे.

कामाला जातो. सकाळी उरणच्या बसने जासईला, यार्डात. दिवसभर कंटेनरचे नंबर लिहितो. दोन वेळा जेवतो. तुम्ही विचाराल म्हणून लिहिलं.

मैत्री बरी असेल.

अभय


आंबेवाडी, ता. महाड
१८ मार्च १९९६

अभयराव, जय भीम.

तुमचं पत्र म्हणजे तलाठ्याचा पंचनामा. गाडी बंद पडली, केर काढला, दोन वेळा जेवलो. आणि पोटच्या पोरीबद्दल शेवटी तीन शब्द, त्यातही "असेल". बरी असेल! अहो, सहा वर्षांची पोर आई जाऊन महिना झाला नाही तर बरी कशी असेल?

तुम्ही गेलात त्या दिवशी ती एस.टी.च्या धुरामागे ओढ्यापर्यंत धावली. मला धरवेना. रडून रडून घसा बसला, दोन दिवस नुसता वारा यायचा तोंडातून. तिला गप्प करायला मी बोलून गेले की बाबाने आईच्या झाडाची फांदी नेली आहे, तिला पान फुटलं की बाबा तुला न्यायला येईल. आता उठल्यासुटल्या तेच. पान फुटलं का, आजी? बाबाचं पत्र आलं का? तर आता तेच ठरलं असं समजा. पान फुटेल त्या दिवशी या आणि घेऊन जा. तोवर पोर इथेच राहील. तुमच्या त्या दुसऱ्या मजल्यावर दिवसभर तिला बघणार कोण?

फांदी आजच लावा. डब्यात चिकणमाती भरा, चांगली दाबून. शेणखत मिळालं तर घाला. डब्याला भोकबिक पाडत बसू नका, ओल जाते. सकाळी एक तांबा, संध्याकाळी एक तांबा. एक दिवस चुकवायचा नाही. चाफा पाण्याचा हावरा असतो.

इथे लोक बोलले. जलदानाला जावयाच्या डोळ्याला टिपूस नव्हता म्हणाले. मी म्हटलं, तुमचं काय जातं? पण खरं सांगू का, मलाही ते खटकलं. चौथी पास बाई मी, आडपडदा ठेवून लिहिता येत नाही.

जयमाला


नेरूळ,
४ एप्रिल १९९६

आईंना जय भीम.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं. शिरवण्याच्या बाजूला पाया खणत आहेत, तिथून चिकणमाती आणली. सकाळी सातला एक तांबा, संध्याकाळी आलो की एक तांबा. आज तेरा दिवस झाले, एकदाही चुकलेलं नाही. फांदी तशीच आहे.

डोळ्याला टिपूस नव्हता हे खरं आहे. मी प्रयत्न केला होता. काही येत नाही. यार्डातले लोक माझ्याशी हळू बोलतात, मला ते समजतं, पण ते दुसऱ्या कोणाबद्दल बोलत आहेत असं वाटतं.

स्मिताची चप्पल दाराशी आहे. काविळीच्या औषधाची अर्धी पुडी फडताळात आहे. तिचं काय करायचं तेही कळवा.

अभय


आंबेवाडी,
१३ एप्रिल १९९६

अभयराव, जय भीम.

उद्या जयंती. मैत्रीला पांढरा फ्रॉक शिवला. सकाळपासून चाफ्याखाली बसून फुलं गोळा करते आहे, उद्या वंदनेला ठेवायला. यंदा झाडाने नुसता कहर केला आहे, पान एक नाही आणि फुलं बघा तर अंगणात पाय ठेवायला जागा नाही. तिची आई अशीच बसायची. मी घरात गेले आणि पाणी प्यायले.

तेरा दिवसांत कधी कोंब फुटतो का? धीर धरा. पाणी कमी पडत असेल, तिकडे ऊन खारं असतं. तीन तांबे घाला. मैत्रीने विचारलं, बाबा रोज पाणी घालतो का? मी म्हटलं, हो गं बाई, तुझा बाप सांगितलेलं काम करतो. ते तुमचं मी नाकारत नाही.

चप्पल राहू दे दाराशी. कोणाच्या पायात येते आहे?

जयमाला


नेरूळ,
६ मे १९९६

आईंना जय भीम.

तीन तांब्यांनी डबा भरून वाहू लागला. पाणी खाली गळतं. खालच्या मजल्यावर खुर्शीदखाला राहतात, मूळच्या उरणच्या, एकट्याच असतात. स्मिता त्यांच्याकडे बसायला जायची. त्यांनी गॅलरीत सुकट वाळत घातली होती, ती भिजली. भांडायला वर आल्या. डबा बघून भांडण विसरल्या. म्हणाल्या, "अरं बाबा, चाफ्याला पानी? मारतोस काय त्याला?" त्यांच्या नवऱ्याच्या, कासिमचाचांच्या कबरीवर त्यांनी स्वतः चाफा लावला आहे. म्हणतात, याला पाणी लागत नाही, उलट पाण्याने सडतो.

मी सांगितलं की आमच्या आईंच्या दारात पस्तीस वर्षांचं झाड आहे, त्यांना माहीत असणार. 

फांदी तशीच आहे. पान नाही.

अभय


आंबेवाडी,
१५ मे १९९६

अभयराव, जय भीम.

त्या बाईला म्हणावं, सुकट तुमची, झाड आमचं. खाडीकाठची माती वेगळी, आमची वेगळी. उगाच कोणाचं ऐकून हातचं घालवू नका. पाणी बंद करायचं नाही.

आता मुद्द्याचं. जूनमध्ये शाळा उघडेल. मैत्री पहिलीला बसायची आहे. पान तर फुटलं नाही. इथल्या शाळेत नाव घालू का? गुरुजी म्हणतात, एकदा घातलं की वर्ष इथेच काढू दे, मधेच नेऊन पोराचं नुकसान करू नये. मला काय, तुम्ही बाप आहात, तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. पण तुम्ही सकाळी सातला जाणार, संध्याकाळी सातला येणार, तिची वेणी कोण घालणार? तिच्या डोक्यात उवा झाल्या तर तुम्हाला कळणार तरी आहे का?

काय ते एका ओळीत कळवा.

जयमाला


नेरूळ,
२५ मे १९९६
(पोस्टकार्ड)

आईंना जय भीम. घाला नाव. अभय


आंबेवाडी,
७ जुलै १९९६

अभयराव, जय भीम.

घाला नाव! बैल बाजारात देतानाही माणूस याहून जास्त बोलतं. तुमचं कार्ड मी मैत्रीला वाचून दाखवलं नाही. दाखवायला काही होतंच कुठे त्यात?

पोर शाळेत जाते. पाटीवर पान काढते, रोज एक. गुरुजींनी ग काढायला सांगितला तरी ही पान काढते. रात्रभर पाऊस, ओढा भरून वाहतो, दोन दिवस शाळा बंद होती. तिला ताप येऊन गेला. आता उतरला आहे. कळवलं नव्हतं, कळवून तुम्ही काय केलं असतंत?

एक विचारते. तुम्हाला तिची आठवण येत नाही का हो? रागाने नाही विचारत. मला समजून घ्यायचं आहे.

खाली तिने स्वतः लिहिलं आहे. मी हात धरला नाही.

जयमाला

बाबा पान आल का. मैत्री


नेरूळ,
२१ जुलै १९९६
(पोस्टकार्ड)

आईंना जय भीम. मैत्रीचं अक्षर चांगलं आहे. पान आलेलं नाही. ताप आला तर कळवत जा. अभय


आंबेवाडी,
१० सप्टेंबर १९९६

अभयराव,

हे पत्र बसून एकदा वाचा आणि मग वाटलं तर फाडा.

श्रावणात मैत्रीने काय केलं ते मला काल कळलं. चाफ्याची एक फांदी वाऱ्याने मोडून पडली होती. ती तिने अंगणाभोवतीच्या वईच्या कडेला चिखलात खोचली. तुम्हाला पत्र लिहिताना मी मोठ्याने बोलत लिहिते, ते तिने ऐकलं होतं. सकाळी एक तांबा, संध्याकाळी एक तांबा. एवढ्या धो धो पावसात पोर तांब्याने पाणी घालत होती. काल ती फांदी तिने उपटून माझ्यापुढे आणली. खालून काळी, बोटाने दाबली की आत जाणारी, घाण वास. म्हणाली, "आजी, माझीपण मेली. आता बाबा येणार नाही."

रडली नाही. तेच मला सहन झालं नाही. तुमच्यासारखं तोंड केलं होतं तिने. जेवायला बसली आणि नुसती भाताकडे बघत राहिली. काल रात्री नाही, आज सकाळी नाही. शाळेतही नुसती बसून आली.

अभय, बाळा, चाफ्याला पाणी लागत नाही. या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. फांदी तोडली की दहा-पंधरा दिवस सावलीत टाकून द्यायची, चीक सुकू द्यायचा. मग भुसभुशीत मातीत, वाळू आणि विटेचे तुकडे घालून, खाली भोक पाडलेल्या डब्यात खोचायची. एकदा शिंपडायचं आणि विसरून जायचं. पान दिसेपर्यंत तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. तू दारामागे बारा दिवस ठेवलीस ते नकळत बरोबरच केलंस. तुझं ते पहिलं पत्र वाचलं तेव्हाच मला ते कळलं. म्हटलं, हा हिला जगवणार. जगवणार आणि पोरीला नेणार.

म्हणून मी खोटं लिहिलं. चिकणमाती, दाबून, भोक नको, दोन तांबे. मग तीन. माझ्या हाताने लावलेल्या झाडाची फांदी मी माझ्याच हाताने मारायला सांगितली. ती खालची बाई खरं बोलली तर तिलाही मी खाडीकाठची म्हणून उडवून लावलं.

माझी एक गेली, अभय. दुसरी मला द्यायची नव्हती. लाज सोडून सांगते, मला वाटायचं, तू असाच गप्प गप्प राहावास आणि पोर माझ्याकडेच मोठी व्हावी.

आणखी एक. तू पुडीचं विचारलं होतंस, मी चपलेचं उत्तर दिलं आणि पुडीचं गिळलं. ती पुडी मीच पाठवली होती. सगळ्या गावाची कावीळ त्याच मुळीने उतरते, माझी स्वतःची उतरली होती, म्हणून पाठवली. डॉक्टर नको, तेल-मीठ बंद कर आणि अकरा दिवस दे, असं मीच चिठ्ठीत लिहिलं होतं. अकरा दिवसांनी तुम्ही दवाखान्यात नेलीत तेव्हा स्मिता माणसं ओळखत नव्हती. तू माझ्यापुढे नाही, कोणापुढे नाही, तोंडातून ब्र काढला नाहीस. आरडाओरडा केला असतास तर मला बरं वाटलं असतं. तू गप्प, म्हणून मला रोज वाटतं, एक दिवस हा पोरीला सांगणार, तुझ्या आजीने मारलं तुझ्या आईला.

आता फांदी सडली असेल. दुसरी तोडून सावलीत ठेवली आहे. पण पोरीला काय सांगू ते तू सांग.

जयमाला


नेरूळ,
१५ सप्टेंबर १९९६

आईंना जय भीम.

फांदी सडलेली नाही. मी तुम्हाला खरं लिहिलं नव्हतं.

मे महिन्यात खुर्शीदखाला वर आल्या त्या दिवशी त्यांनी फांदी उपटली. खालून काळी झाली होती. त्यांनी सुरी मागितली आणि चकत्या पाडत वर गेल्या. काळं, काळं, तपकिरी. अर्ध्याच्या वर गेल्यावर आतून पांढरी निघाली आणि चीक आला. म्हणाल्या, "येवडीच जिती हाय." वीतभर उरली. ती त्यांनी आठ दिवस कपाटावर ठेवली. डब्याला खिळ्याने भोकं पाडली, रेती आणि विटांचे तुकडे भरले आणि खोचली. मग विचारलं, "तुज्या सासूला चाफा म्हाईत नाय, की तुला तुजी सासू म्हाईत नाय?"  तेव्हाच मला कळलं होतं.

मला राग आला नाही. लिहायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. वाटलं, तुम्हालाही नको आहे की मी यावं. मग माझ्यावर काही उरत नाही.

१२ जूनला पान फुटलं. टोकाला, तांदळाएवढं. आठ दिवसांत बोटभर झालं. मैत्रीची शाळा नुकतीच उघडली होती. मी ते खुडलं.

जुलैत परत फुटलं. मैत्रीची ओळ आली त्या दिवशी दोन पानं होती. ती खुडली आणि तुम्हाला कार्ड लिहिलं. ऑगस्टमध्ये तिसऱ्यांदा. चीक बोटांना चिकटतो, साबणाने जात नाही, दुसऱ्या दिवशी यार्डात पेन चिकटत होतं. खालांनी विचारलं, पानं कोण खातं? मी म्हटलं, कबुतरं. त्या म्हणाल्या, कबुतरं चाफा खात नाहीत. 

तुम्ही विचारलं होतं, आठवण येत नाही का. येते. त्याचीच भीती आहे. औषधाची वाटी मैत्री धरायची. रोज स्मिताच्या तोंडाशी तोंड नेऊन बघायची आणि मला विचारायची, "आईचे डोळे पांढरे झाले का?" मी म्हणायचो, उद्या होतील. अकरा दिवस मी उद्या म्हणालो. शेजारचे म्हणत होते, डॉक्टरला दाखव. माझी कामावरची रजा संपली होती आणि पुडी होती, म्हणून मी पुडीवर भागवलं. पुडी तुम्ही पाठवलीत, पण पोरीला उद्या म्हणणारा मी. ती घरी आली की एक दिवस विचारणार, दवाखान्यात आधी का नाही नेलं.  म्हणून मला पान नको होतं.

मी तुमचं नाव तिला सांगणार होतो असं तुम्हाला वाटलं. माझ्या मनात ते आलंही नाही. मनात काहीच येत नव्हतं.

२५ ऑगस्टनंतर मी फांदीला हात लावलेला नाही. का ते सांगता येत नाही. आज सकाळी पाच पानं आहेत. खुडल्या जागी दोन फाटे फुटले आहेत.

मैत्रीला सांगा, पान आलं. जेवायला सांगा. मी २९ तारखेच्या रविवारी येतो.

अभय


आंबेवाडी,
२१ सप्टेंबर १९९६

अभय,

तीन वेळा! मेल्या, हात कसा धजला तुझा? पत्र वाचून अंगणात गेले आणि तुला ऐकू जाईल अशा शिव्या घातल्या. मग माझेच तांबे आठवले आणि पायरीवर बसले.

पोर जेवली. पाच पानं म्हटल्यावर पाच घास, एकेक मोजून, मग सहावा स्वतःहून.

गुरुजींकडून दाखला आणला आहे. मधेच नेऊ नये असं ते कधी म्हणालेच नव्हते, ते मी घातलं होतं पदरचं. तिचे कपडे धुऊन घड्या घातल्या. वेणी कशी घालायची ते तुला शिकवीन, डोकं तुझं चालत नसलं तरी हात चालतात. सकाळच्या गाडीने ये. उपाशी येऊ नको आणि खाऊन येऊ नको, मी रांधते आहे.

जयमाला


नेरूळ,
२० ऑक्टोबर १९९६

आईंना जय भीम.

आज धम्मचक्राचा सण जवळ म्हणून मैत्रीने घर झाडलं. म्हणजे तिने झाडलं आणि मी तिच्यामागे परत झाडलं. शाळेत नाव घातलं. दुपारी शाळा सुटली की ती खालांकडे असते. त्या तिला सुकट निवडायला बसवतात, तिच्या अंगाला वास येतो, ती म्हणते येऊ दे. वेणी येते आता मला. डावी बाजू सैल राहते.

आली त्या दिवशी पहिल्यांदा डब्याकडे गेली. नऊ पानं होती. मोजून झाल्यावर तिने टोकाजवळच्या खुणा बघितल्या आणि विचारलं, इथे काय झालं? मी म्हटलं, इथली पानं मी खुडली. का? मी म्हटलं, घाबरलो होतो.  मग तुम्ही दिलेला छोटा तांबा भरून आणला. मी म्हटलं, याला पाणी नको असतं. तर म्हणाली, "मग मी याला काय देऊ?" मी खालांना विचारायला सांगितलं. खाला म्हणाल्या, "ऊन दे, आनि हात लावू नको." तेव्हापासून ती डबा उन्हाप्रमाणे सरकवते. सकाळी कठड्याशी, दुपारी दाराशी. शाळेतून आली की आधी ते.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. काल तिने फडताळ उघडलं आणि पुडी काढली. तिने ओळखली. म्हणाली, हे आईचं. मी म्हटलं, हो. म्हणाली, याने आई बरी झाली नाही. मी म्हटलं, नाही झाली. मग तिने विचारलं, "मग डॉक्टरकडे आधी का नाही नेलंत?"

इतके महिने मी ज्याला घाबरत होतो तेच. भात लावला होता, हातात झाकण होतं. मी म्हटलं, चुकलो. मला वाटलं, उद्या बरी होईल. ती म्हणाली, "मलापण वाटलं होतं." आणि मग विचारलं, भात झाला का?

मी झाकण खाली ठेवलं आणि रडलो, आई. मोठ्याने. खाला वर आल्या, त्यांना वाटलं पोरीला काही झालं. मैत्री त्यांना म्हणाली, काही नाही, बाबा रडतो आहे. आणि तिनेच भात उतरवला, थोडा लागला होता. आम्ही तसाच खाल्ला. आज डोकं जड आहे आणि सगळ्या गोष्टींचा आवाज जास्त येतो, बसचासुद्धा. स्मिताची चप्पल मी पुसून कपाटात ठेवली.

पुडी कोणी पाठवली ते मैत्रीने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ते तुमचं आहे, तुम्ही सांगा. तिच्यासमोर बसून सांगा, पत्रात नको. तिने माझं ऐकून घेतलं, तुमचंही घेईल.

भात झोडून झाला की या. येताना ती सावलीत ठेवलेली फांदी आणा, खालांना द्यायची आहे. खाला म्हणतात, आपली पुढच्या उन्हाळ्यात जमिनीत लावता येईल. सोसायटीच्या मागे, शिरवण्याच्या बाजूला, एक मोकळी जागा आहे. खड्डा कुठे काढायचा ते तुम्ही येऊन दाखवा.

पाणी किती घालायचं ते मात्र मी तुम्हाला विचारणार नाही.

अभय